सीओ२ला 'डाय' लागतं, मग एमजीसीएल२ला का नाही? (संयुगं आणि आम्लांची नावं)

चंद्रकोर (धागाकर्ती)

लेक यंदा नववीत आहे, सेमी इंग्लिश. रसायनशास्त्रातल्या नावांवरून तिने मला धारेवर धरलंय आणि मी पडले कॉमर्सची. तिचे प्रश्न जसेच्या तसे देते.

१. सीओ२ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. मग एमजीसीएल२ मॅग्नेशियम डायक्लोराइड का नाही? दोन तर तिथेही आहेत.
२. एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. मग एचएनओ३ हायड्रोनायट्रिक का नाही? हायड्रोजन तर तिथेही आहे.
३. सल्फ्युरिक कोणतं आणि सल्फ्युरस कोणतं, हे लक्षात कसं ठेवायचं?

क्लासमध्ये "नियम आहे, पाठ करा" एवढंच उत्तर मिळालं. ती पाठ करणाऱ्यातली नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (सूत्रं देवनागरीत टंकली आहेत, आकडे खाली उतरत नाहीत, समजून घ्या.)

तिरकस

लेकीला लॉ कॉलेजला घाला. उलटतपासणी छान घेते.

निवृत्त_मास्तर

चंद्रकोर ताई, लेकीला शाबासकी सांगा. प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारे आहेत. मी पहिल्याचं उत्तर देतो, आम्लांसाठी इथे कारखान्यातली मंडळी आहेत.

मॅग्नेशियम नेहमी दोन इलेक्ट्रॉन देणार, क्लोरिन एकच घेणार. त्यामुळे त्यांची जोडी एकाच प्रमाणात जमते. "मॅग्नेशियम क्लोराइड" ऐकलं की सूत्र आपोआप लिहिता येतं, आकडा सांगायची गरजच नाही. कार्बन आणि ऑक्सिजन दोघंही अधातू. ते इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत, वाटून घेतात, आणि ही वाटणी एकापेक्षा जास्त प्रकारे होते. सीओ आहे आणि सीओ२ही आहे. गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात माणूस मरतो तो सीओमुळे. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तो सीओ२. नावात आकडा नसेल तर कोणत्याबद्दल बोलताय ते कळणार कसं?

नायट्रोजन आणि ऑक्सिजनची तर मोठी पंगत आहे: एन२ओ, एनओ, एन२ओ३, एनओ२, एन२ओ४, एन२ओ५. "नायट्रोजन ऑक्साइड" म्हणून तुम्ही यातला कुठला मागणार?

म्हणून दोन अधातूंच्या रेणूंना मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर तिथे 'मोनो' लावत नाहीत; दुसऱ्याला लावतात. म्हणून "कार्बन मोनॉक्साइड", "मोनोकार्बन मोनॉक्साइड" नाही. मोनो, टेट्रा, पेंटा यांच्यापुढे 'ऑक्साइड' आलं की शेवटचा स्वर गळतो: मोनॉक्साइड, टेट्रॉक्साइड, पेंटॉक्साइड. डाय आणि ट्रायचा मात्र गळत नाही. एन२ओ५ म्हणजे डायनायट्रोजन पेंटॉक्साइड.

पहिलं कोण? ज्याची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद कमी, तो. ऑक्सिजन जवळजवळ सगळीकडे मागे येतो, पण फ्लोरिनपुढे त्याचंही चालत नाही. म्हणून ओएफ२ हे "ऑक्सिजन डायफ्लोराइड", फ्लोरिन ऑक्साइड नव्हे. परीक्षेत हे हमखास विचारतात.

शंकासुर

मास्तर, धातू आला की आकडा नको, हा नियम त्याच पुस्तकात मोडलेला आहे. ऑक्सिजन तयार करायच्या प्रयोगात पोटॅशियम क्लोरेटबरोबर काय घालतात? मँगनीज डायऑक्साइड. मँगनीज धातू नाही का? रंगाच्या डब्यावर आणि सनस्क्रीनच्या ट्यूबवर टायटॅनियम डायऑक्साइड. सल्फ्युरिकच्या कारखान्यात उत्प्रेरक कोण, तर वॅनेडियम पेंटॉक्साइड. मुलं गोंधळणार नाहीत तर काय!

निवृत्त_मास्तर

@शंकासुर, मुद्दा मान्य, पण नियमाचा गाभा "धातू की अधातू" हा नाहीच. प्रश्न इतकाच की नाव ऐकून एकच सूत्र निघतं का. मँगनीज, टायटॅनियम, वॅनेडियम, लोखंड, तांबं हे एकाहून जास्त संयुजा दाखवतात, तेव्हा काहीतरी खूण करावीच लागते. काटेकोर पद्धत म्हणजे धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा. जुनी पद्धत फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक (कमी संयुजेला 'अस', जास्तीला 'इक'). आणि बाजारात रुळलेली म्हणजे डायऑक्साइड वगैरे. तिन्ही एकाच वेळी चालू आहेत, ही खरी अडचण.

शिवाय टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा धातूचा असूनही खराखुरा रेणू आहे. साध्या तापमानाला द्रव, बाटली उघडली की दमट हवेत पांढरा धूर. त्याला आकडा लावणं चूक म्हणता येणार नाही.

नववीपुरतं सांगायचं तर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, झिंक, चांदी यांना आकडा नाही. दोन अधातू असतील तर आकडा. मधल्यांसाठी पुस्तकात जे छापलंय ते.

तिरकस

"मधल्यांसाठी पुस्तकात जे छापलंय ते" म्हणजे शेवटी पाठच करा.

वायरमन

आम्हा सबस्टेशनवाल्यांना हे सगळं लागत नाही. ब्रेकरमध्ये (वीजप्रवाह तोडणाऱ्या यंत्रात) एसएफ-सिक्स वायू भरलेला असतो आणि आम्ही त्याला एसएफ-सिक्सच म्हणतो. सल्फर हेक्साफ्लोराइड म्हणणारा माणूस मी फक्त ट्रेनिंगमध्ये पाहिला.

वायू मात्र भारी. ब्रेकर उघडताना जी ठिणगी पेटते ती तो गिळून टाकतो. हवेच्या पाचपट जड, त्यामुळे श्वासातून गेला की आवाज खलनायकासारखा घोगरा होतो. व्हिडिओ पाहून कोणी करू नका, ऑक्सिजन न मिळून जीव गुदमरू शकतो. आणि गळती झाली तर कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त उष्णता अडवणारा, म्हणून हल्ली प्रत्येक किलोचा हिशोब द्यावा लागतो.

भट्टीवाला

आम्लांचं मी घेतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नियमात नाही, भांडणात आहे.

१७८७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये रसायनांना नावं द्यायची नवी पद्धत मांडली. त्याआधी नावं कशीही असायची, कोणी रंगावरून, कोणी गावावरून, कोणी शोधणाऱ्यावरून. यांनी ठरवलं की नावातून घटक कळले पाहिजेत. 'इक' म्हणजे जास्त ऑक्सिजनवालं आम्ल, 'अस' म्हणजे कमी ऑक्सिजनवालं, ही जोडी तेव्हाची. मात्र लाव्हाझिएची ठाम समजूत होती की आम्लपणा येतो तो ऑक्सिजनमुळेच. ऑक्सिजन हे नावच त्याने 'आम्ल बनवणारा' या अर्थाने ठेवलं.

आता मिठापासून काढलेलं आम्ल घ्या. त्याला तेव्हा म्युरिॲटिक ॲसिड म्हणत. समजुतीप्रमाणे त्यातही ऑक्सिजन असायलाच हवा. सापडत नव्हता, तरी आहेच असं धरून चालले होते. त्या आम्लापासून निघणारा हिरवट पिवळा वायू शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्येच मिळवला होता. फ्रेंचांनी त्याला "ऑक्सिम्युरिॲटिक ॲसिड" ठरवलं, म्हणजे आणखी ऑक्सिजन चढवलेलं आम्ल. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने सांगितलं की बाबांनो, यात ऑक्सिजन नाहीच, हे मूलद्रव्य आहे, आणि त्याचं नाव क्लोरिन ठेवलं. मग मिठाच्या आम्लात उरलं काय? हायड्रोजन आणि क्लोरिन. ऑक्सिजनशिवायचं आम्ल! त्याला वेगळं दाखवायला गे-ल्यूसॅकने पुढे 'हायड्रो' लावलं.

म्हणजे 'हायड्रो'चा अर्थ "यात हायड्रोजन आहे" असा घेऊ नका. हायड्रोजन सगळ्याच आम्लांत आहे. "यात ऑक्सिजन नाही, नुसता हायड्रोजन आहे" असा घ्या. नायट्रिकमध्ये ऑक्सिजन आहे, म्हणून त्याला 'हायड्रो' नाही.

लाव्हाझिएला १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवलं, पण ते कर वसुलीच्या कंपनीतल्या भागीदारीमुळे. क्लोरिनचा त्यात हात नाही.

तासगावकर_बेदाणा

भट्टीवाले दादा, थांबा जरा. म्युरिॲटिक म्हणजे आमच्या पोत्यावर "म्युरेट ऑफ पोटॅश" लिहिलेलं असतं, त्यातलंच का हे? आयुष्यभर एमओपी टाकतोय उसाला, म्युरेट कोण बाबा हे कधी विचारलं नाही.

भट्टीवाला

तेच! म्युरिॲटिक ॲसिडचं मीठ ते म्युरेट. एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, बाकी काही नाही. डेव्हीने नाव बदलून दोनशेच्या वर वर्षं झाली, कारखान्याच्या कागदात क्लोराइड आलं, खताच्या पोत्यावर अजून जुनंच. अमेरिकेतही फरशी आणि पोहण्याच्या तलावासाठी विकतात त्या डब्यावर म्युरिॲटिक ॲसिडच असतं.

तासगावकर_बेदाणा

आता आणखी एक सांगा. डीएपी खताच्या पोत्यावर १८:४६:० (नत्र:स्फुरद:पालाश). दुकानदार म्हणतो ४६ टक्के फॉस्फरस. कृषी सहायक म्हणतो ते फॉस्फरस नाही, पी२ओ५. आमचं पोरगं म्हणतं पी२ओ५ म्हणजे डायफॉस्फरस पेंटॉक्साइड. खरं कोण?

भट्टीवाला

सहायक खरा, पोरगं नावापुरतं खरं, आणि पोत्यात मात्र पेंटॉक्साइडचा कणही नाही. :)

डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. जुन्या काळी पृथक्करण करताना सगळं ऑक्साइडच्या रूपात मोजायची रीत होती, ती खतांच्या आकड्यांत तशीच राहिली. म्हणून फॉस्फरस पी२ओ५च्या हिशोबात आणि पोटॅश के२ओच्या हिशोबात. ५० किलोच्या पोत्यात पी२ओ५ धरलं तर २३ किलो, पण खुद्द फॉस्फरस साधारण १० किलो. दुकानदार सव्वादोन पटीहून जास्त फुगवून सांगतोय, नकळत असेल.

खरंच पेंटॉक्साइड भरलं असतं तर? ती पांढरी पूड पाण्यासाठी इतकी हपापलेली असते की प्रयोगशाळेत वायू कोरडे करायला वापरतात. पावसाळी हवेत पोतं फोडलं की चिकट, दाहक फॉस्फोरिक ॲसिड झालं असतं.

पोराला आणखी एक सांगा. खरा रेणू पी२ओ५ नाहीच, पी४ओ१० आहे. म्हणजे काटेकोर नाव टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड. रेणूची रचना कळण्याआधी साधं प्रमाण काढून पेंटॉक्साइड नाव पडलं आणि चिकटलं.

शंकासुर

म्हणजे आकडे मोजून नाव द्यायचं, आणि आकडेच चुकलेले. वा!

चंद्रकोर

किती छान माहिती येतेय. लेक मागे उभी राहून वाचतेय. म्युरेटवर खूश आहे. पण माझा तिसरा प्रश्न राहिला बरं का.

तासगावकर_बेदाणा

ताई, तिसऱ्याचं आमच्याकडं प्रात्यक्षिकच आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, रंग पिवळाधमक राहावा म्हणून. गंधक जळलं की एसओ२. त्या खोलीचं दार उघडून चुकून तोंड आत घाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. कोणी तरी सांगितलं होतं की डोळ्यात सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं म्हणून. बरोबर का?

भट्टीवाला

सल्फ्युरिक नाही, सल्फ्युरस. आणि हाच चंद्रकोर ताईंच्या लेकीचा प्रश्न.

एसओ२ ओलाव्यात गेलं की एच२एसओ३, सल्फ्युरस. एसओ३ पाण्यात गेलं की एच२एसओ४, सल्फ्युरिक. एसओ२चं एसओ३ सहजासहजी होत नाही. कारखान्यात साडेचारशे अंशांच्या आसपास तापवून, वॅनेडियम पेंटॉक्साइडच्या थरावरून न्यावं लागतं तेव्हा कुठे होतं. धुरीच्या खोलीत कसलं होतंय. तरी दार उघडून थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच आत जा. सल्फ्युरसही डोळ्यांना आणि दम्याच्या माणसाला पुरेसं आहे.

लक्षात ठेवायला आधी क्षार पाहायचा. सल्फेटचं आम्ल सल्फ्युरिक, सल्फाइटचं सल्फ्युरस, सल्फाइडचं हायड्रोसल्फ्युरिक. आमच्या वर्गात घोष असायचा: एटचा इक, आइटचा अस, आइडला पुढे हायड्रो मागे इक.

शंकासुर

हा घोष आवडला, कारण त्यात मूलद्रव्यं मोजावी लागत नाहीत. एचसीएन घ्या. तीन मूलद्रव्यं, वर्गातल्या नियमाप्रमाणे पोरं त्याला नायट्रेट-कार्बोनेटच्या रांगेत बसवतात. पण क्षार सायनाइड, शेवटी 'आइड', म्हणून हायड्रोसायनिक. शेवटचं अक्षर बघा, मूलद्रव्यं मोजू नका.

आणि एचसीएल वायुरूपात असेल तर ते "हायड्रोजन क्लोराइड". पाण्यात विरघळलं तरच हायड्रोक्लोरिक ॲसिड. प्रश्नपत्रिकेत सूत्राशेजारी वायू की जलीय ते दिलेलं असतं, मुलं बघतच नाहीत आणि अर्धा गुण घालवतात.

गुंगीवाला_डॉक्टर

'अस' आणि 'इक' आमच्याकडे चुकलं तर गुण नाही, पेशंट जातो.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे एन२ओ, निळं सिलेंडर, भूल देताना ऑक्सिजनबरोबर निम्म्याहून जास्त प्रमाणातही देतो. याच डेव्हीने तो स्वतः हुंगून त्याला हसवणारा वायू म्हटलं, १८०० साली. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे एनओ. तो नवजात बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करायला देतात, पण दहा लाख भागांत साधारण वीस भाग, इतका कमी! जास्त झाला किंवा ऑक्सिजनबरोबर रेंगाळला की एनओ२ होतो, तो फुप्फुसं जाळतो. म्हणून यंत्रावर एनओ२ वेगळा मोजत बसावं लागतं. शरीर स्वतःच एनओ बनवून निरोप पोचवतं, या शोधाला १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

डायनायट्रोजन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन मोनॉक्साइड ही मास्तरांची नावं बरी, पण ऑपरेशन थिएटरमध्ये घाईत कोणी एवढं लांब बोलत नाही. आम्ही सिलेंडरचा रंग आणि जोडणीच्या खाचा पाहतो. त्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, चुकीचं सिलेंडर बसतच नाही.

तिरकस

मी तर डायहायड्रोजन मोनॉक्साइडच्या विरोधात आहे. श्वासातून आत गेलं तर मृत्यू, आम्लवर्षेतला मुख्य घटक, लोखंड गंजवतं, आणि नगरपालिका ते नळातून सोडते. निवेदन द्यायचं का?

वायरमन

@तिरकस, आमच्याकडे एक दिवसाआड सोडते. त्याचंही निवेदन द्या.

निवृत्त_मास्तर

हा विनोद खराच घडलेला आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या नेथन झोनर या १४ वर्षांच्या मुलाने नववीच्या ५० मुलांना ही माहिती दिली, एकही शब्द खोटा नाही. ४३ जणांनी बंदीच्या बाजूने मत दिलं. पाणी ओळखणारा एकच निघाला. नियम शिकलेल्या मुलांनाही नाव उलगडून पाहायची सवय नसते, हे मी वर्गात बघितलंय.

चंद्रकोर

लेकीने एचबीआर, एच२सीओ३ आणि एचएनओ२ बरोबर सांगितली. आता अडलंय क्लोरिनच्या चार आम्लांवर. एट-आइटचा घोष दोघांना पुरतो, चौघांचं काय?

भट्टीवाला

मधले दोघे नेहमीचे: एचसीएलओ२ क्लोरस, एचसीएलओ३ क्लोरिक. 'अस'पेक्षाही एक ऑक्सिजन कमी झाला तर 'हायपो', एचसीएलओ हायपोक्लोरस. 'इक'पेक्षा एक वाढला तर 'पर', एचसीएलओ४ परक्लोरिक. ही मंडळी घरचीच आहेत. धुण्याच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, आगकाडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, आणि पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या इंधनात अमोनियम परक्लोरेट. ऑक्सिजन चढत जातो ते दिसतंय ना?

एकच गोष्ट घरात सगळ्यांना सांगा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका. ॲसिड म्हणजे आपलं हायड्रोक्लोरिक, ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट, दोन्ही भेटले की क्लोरिन वायू सुटतो. "दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ" म्हणून करणारे लोक आहेत. लहान बाथरूम, बंद खिडकी, मग खोकत बाहेर.

आणि नायट्रेटला तीन ऑक्सिजन पण सल्फेटला चार का, हे लेक विचारेलच. या वयात त्याचं सोपं उत्तर नाही. नायट्रेट, कार्बोनेट, क्लोरेट तीन. सल्फेट, फॉस्फेट चार. हे पाच तेवढे खरोखर पाठ करायला सांगा, बाकी सगळं त्यांच्यावरून निघतं.

सराफ_कट्टा

अवांतर: आमच्याकडे नायट्रिकला अजून तेजाबच म्हणतात. कसोटीवर रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकायचा. पितळेची रेघ क्षणात हिरवट होऊन विरते, चोख सोन्याची हलत नाही. सोनंच विरघळवायचं असेल तर आम्लराज, एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक. 'अस' नाही, 'इक' नाही, सरळ राजा. भट्टीवाले नाव बदलायला आले तर दुकानात येऊ देणार नाही.

भट्टीवाला

@सराफ_कट्टा, त्याला बदलायचं नाही, ते मिश्रण आहे, संयुग नाही. राजा सुखरूप.

तासगावकर_बेदाणा

जाता जाता. म्युरेट म्हणजे क्लोराइड कळलं. मग द्राक्षाला एमओपी नको, झिरो झिरो पन्नासच द्या म्हणतात, त्याचं कारण हेच का?

भट्टीवाला

हेच. झिरो झिरो पन्नास म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. पोटॅश तोच, पण सोबत क्लोराइडऐवजी सल्फेट. द्राक्षवेलीला क्लोराइड सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. उसाला तेवढा त्रास होत नाही, म्हणून तिथे स्वस्त एमओपी चालतं.

तासगावकर_बेदाणा

आणि झिरो बावन्न चौतीस?

धागापाल

बावन्न चौतीस, बारा एकसष्ट आणि एकोणीस एकोणीस यांच्यासाठी शेती विभागात नवा धागा काढावा. भट्टीवाल्यांना तिकडे पाठवतो.